शेवाळ कुणाच्या हातचं

कालव्यात शिरायची पाळी येईपर्यंत सुएझच्या खाडीत जहाजं नांगर टाकून उभी असतात. शाहिनाजच्या सहाव्या मजल्यावरच्या घरातून ती सगळी दिसायची, पण घरात येणारा माणूस खिडकीकडे फिरकायचाच नाही. आत पाऊल टाकलं की समोर तिची टाकी. घटस्फोटानंतर नवऱ्याने जेवणाचं टेबल उचलून नेलं होतं. त्या रिकाम्या जागेकडे बघवेना म्हणून तिने तिथे ही काच उभी केली, माणूस आडवा झोपेल एवढी लांब. आत खडक, खडकांवर जिवंत प्रवाळ, आणि प्रवाळांमधून ये-जा करणारे मासे. इथल्या समुद्रातलं प्रवाळ तोडायला बंदी असल्यामुळे तिने कैरोच्या दुकानातून प्रवाळाच्या शेतीत वाढवलेले अंगठ्याएवढे तुकडे आणले होते. त्यातल्या एका जांभळ्या फांदीचं आठ वर्षांत झुडूप झालं होतं.

शाहिनाज एका खाद्यतेलाच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत होती. दिवसभर नळीत थेंब टाकायचे, रंग बघायचा, आकडा सांगायचा. घरी आली की टाकीच्या पाण्याचं तेच. आकड्यांवर तिचा जीव होता. माणसं खोटं बोलतात, रंग बोलत नाही, असं ती धाकट्या भावाला, वजीहला, ऐकवायची. तो हसून म्हणायचा, "म्हणूनच तुझ्या घरी माशांशिवाय कुणी टिकत नाही."

आई गेली आणि बाबा तिच्याकडे राहायला आले.

बाबा, म्हणजे बद्रान, जन्मभर बंबूती होता. नांगरलेल्या जहाजांना होडी भिडवून खलाशांना चामड्याच्या गिर्द्या, पितळी दिवे, लाकडी उंट असला माल विकायचा धंदा. ग्रीक, रशियन, इटालियन, ज्या देशाचं जहाज असेल त्या भाषेत त्याला भाव करता यायचा आणि शिवीही देता यायची. आता धंदा संपला होता, होडी विकली गेली होती, आणि डोक्यातल्या वस्तू एकेक करून जागा सोडू लागल्या होत्या. कधी तो शाहिनाजला तिच्या आईच्या नावाने हाक मारायचा. नमाज झाला की नाही हे आठवलं नाही तर पुन्हा चटई पसरायचा. "जास्तीचा जमा झाला तर अल्ला काही परत पाठवत नाही," असं वर म्हणायचा.

टाकीची मात्र त्याने पहिल्या दिवसापासून खोडी काढली.

"समोर अख्खा समुद्र पडलाय," तो म्हणाला, "आणि माझी मुलगी न्हाणीघरात पिंपात समुद्र कालवते!"

"खाडीच्या पाण्यात जहाजांचं तेल असतं, बाबा. गावाची घाण असते. हे नळाचं पाणी गाळून घेतलेलं आहे. त्यात फक्त मीठ."

"आणि मीठही पाकिटातलं! सुएझच्या पोरीने मीठ विकत आणलं हे तुझ्या आजोबांना कळलं असतं तर बिचाऱ्यांनी खाडीत उडी टाकली असती."

पण आठवडाभरात त्याची खुर्ची टाकीसमोर आली. त्याने माशांना नावं दिली. पिवळा, चपटा, सगळ्यांच्या मध्ये नाक खुपसणारा तो ग्रीक कप्तान. नारंगी पट्ट्यांची जोडी म्हणजे रशियन नवरा-बायको, कारण त्यातली मादी मोठी आणि नर तिच्या धाकात. शाहिनाज कामावर निघाली की तो म्हणायचा, "जा तू, मी जहाजांवर लक्ष ठेवतो." तिला ते आवडायचं. मग तिने सकाळी माशांना दाणे घालायचं काम त्याच्याकडे दिलं. डबी दाखवली, चिमूट किती घ्यायची ते दाखवलं.

"एकदाच, बाबा. सकाळी. उरलेलं कुजतं, पाण्यात खत होतं, आणि मग शेवाळ माजतं."

"अगं, मी कप्तानांना माल विकलाय. एका चिमटीचा हिशेब मला नको शिकवूस."

वर्षभराहून जास्त काळ सगळं सुरळीत चाललं. सकाळी ती चपला घालत असताना तो टाकीशी उभा राहून माशांना चार भाषांत न्याहारीला बोलवायचा, आणि ती हसतच जिना उतरायची.

उन्हाळा सुरू झाला आणि वाळूवर तपकिरी मळ धरला. मग खडकांवर हिरवे केस उगवले. सुरुवातीला पोरीच्या जावळासारखे मऊ, आणि बघता बघता बोटभर लांब. शाहिनाजने दातांच्या ब्रशने खडक घासले, मूठमूठ शेवाळ उपटून काढलं. पाण्याची चाचणी केली तर नळीतला रंग गुलाबीवरून लालभडक. नायट्रेट वाढलेलं, फॉस्फेटही वाढलेलं. म्हणजे पाण्यात कुठूनतरी खत येत होतं. उपाय तिला पाठ होता, जुनं पाणी काढायचं आणि नवं घालायचं. ती दर शुक्रवारी पिंपात ताजं पाणी कालवून टाकीत ओतू लागली. आधी एक पिंप, मग दोन. शेवाळ हटेना.

एका दुपारी ती डोकं दुखतं म्हणून लवकर घरी आली. बाबा टाकीवर वाकून उभा होता आणि बोटांमधून दाणे गळत होते.

"बाबा! सकाळी घातलं होतंत ना?"

बद्रान दचकला. हाताकडे बघत राहिला. "घातलं होतं?"

"मी विचारतेय तुम्हाला."

"कप्तान तोंड वासून काचेशी आला," तो म्हणाला. "मला वाटलं, उपाशी आहे."

एवढंच झालं होतं. पण शाहिनाजच्या मनात त्या एका दुपारच्या रोजच्या दुपारी झाल्या. कामावर नळ्या धुताना तिला दिसायचं की बाबा आत्ता घालतोय, आत्ता परत घालतोय. कारण सापडलं याचं तिला समाधानच वाटलं. सापडलेलं कारण तपासून बघावं असं मात्र तिला वाटलं नाही, आणि तेही तिला, जिचा धंदाच तपासण्याचा.

पुढच्या शुक्रवारी वजीह बायकोला, समाहला, घेऊन इस्माइलियाहून जेवायला आला. शाहिनाजने मासे घातलेला तपकिरी भात केला होता. जेवणं होत आली तेव्हा समाह टाकीपाशी गेली आणि म्हणाली, "ताई, ते जांभळं झाड कुठे गेलं?"

शाहिनाज उठून बघायला गेली. झुडपाचं बूड हिरव्या केसांत बुडालं होतं, आणि वरच्या फांद्यांची कातडी सोलल्यासारखी होऊन आतला पांढरा सांगाडा दिसत होता. सकाळी घाईत तिच्या लक्षातच आलं नव्हतं.

मागून बद्रान म्हणाला, "म्हातारं झालं असेल. माझ्यासारखं."

तो थट्टेने बोलला होता. शाहिनाज गर्रकन वळली.

"म्हातारं नाही झालं! तुम्ही मारलंत त्याला. दिवसातून दहादा घालता आणि विसरता. सांगून सांगून तोंड दुखलं माझं. आठ वर्षं वाढवलं मी ते! तुमच्या हातांनी मारलंत!"

"आपा, हळू," वजीह म्हणाला.

"का हळू? तू राहतोस का इथे? रोज कोण घासतं?" तिने डबी उचलली, कपाटात ठेवली आणि किल्ली फिरवली.

बद्रान ताटापुढे बसून होता. आयुष्यभर कुणी एक बोललं तर त्याने चार ऐकवली होती. वजीह त्याच्याकडे बघत होता, आता काहीतरी सणसणीत येईल म्हणून. बद्रान हळूच म्हणाला, "तू म्हणतेस तर मी केलं असेल, पोरी. मला आठवत नाही. पण तू खोटं कशाला बोलशील?"

त्या दिवसापासून बद्रान बदलला. शाहिनाजला ते दिसत होतं, पण तिच्या डोक्यात शेवाळ होतं. त्याने सकाळचा चहा करायचं सोडलं. विचारलं तर म्हणाला, "गॅस चालू राहिला तर? माझं काय सांगावं." नळ ठिबकायला लागला तर म्हणाला, "मीच बिघडवला असणार." एकदा शाहिनाजच्याच हातून पेला फुटला. काचा गोळा करताना बद्रान दारात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "मी फोडला का गं?"

"नाही बाबा, माझ्या हातून पडला."

"बरं," तो म्हणाला, पण चेहऱ्यावरून पटलेलं दिसलं नाही. त्या वेळी तिने त्याला खाली बसवून चार शब्द बोलायला हवे होते. तिला कामावर जायला उशीर झाला होता.

डबी कुलपात गेली तरी शेवाळ वाढतच होतं. वाळूत आधीचं कुजलेलं आहे, ते एवढ्यात कसं जाईल, असं शाहिनाज स्वतःला सांगत होती. तिने माशांचं खाणं निम्म्यावर आणलं. फॉस्फेट शोषणारे दाणे पिशवीत भरून पाण्याच्या वाटेत टांगले. शेवटी तिने टाकीचे दिवे तीन दिवस बंद ठेवायचं ठरवलं. उजेड नाही तर शेवाळ मरतं. काचेवर टाकायला मोठं, जाड कापड हवं होतं. पेटीत वरच सापडली ती आईची काळी ओढणी. आई बाजारात जाताना अंगभर लपेटायची ती. दोन्ही टोकं चिकटपट्टीने काचेला लावून ती कामावर गेली.

संध्याकाळी परतली तेव्हा बद्रान भिंतीकडे तोंड करून बसला होता.

"कोण गेलं?" त्याने विचारलं.

"कुणी नाही, बाबा. शेवाळासाठी झाकलंय."

"तुझ्या आईचं आहे ते."

"हो. दुसरं मोठं काही नव्हतं."

त्याने भिंतीकडेच तोंड ठेवलं. मग म्हणाला, "मला वजीहकडे पोचव. इथे माझ्या हाताने नुकसान होतं. तिकडे काचेचं काही नाही."

शाहिनाजने तोंडदेखलं म्हटलं, "असं काय बोलता?" पण शनिवारी पिशवी तिनेच भरली. न्यायला आलेल्या वजीहशेजारी त्याला मायक्रोबसमध्ये खिडकीशी बसवलं, गुडघ्यावर पांघरूण घातलं. गाडी सुटली तेव्हा तिला आधी हलकं वाटलं. पुढे सगळ्यात जास्त सलत राहिलं ते हे हलकं वाटणं.

ओढणी काढली तेव्हा शेवाळ खरंच विरळ झालं होतं. आता घरात ती एकटी, डबीची किल्ली तिच्याकडे, दाणे मोजून. तिने खिडक्या उघडल्या, टाकी घासली, दोन पिंपं ताजं पाणी घातलं. पंधरवड्यात खडक पुन्हा हिरवे झाले, पूर्वीपेक्षा दाट. नर रशियन अशक्त होऊन एका कोपऱ्यात तरंगत राहायचा, आणि एका सकाळी तो दिसलाच नाही. कप्तानाचं पोट आत गेलं होतं.

आता दोष द्यायला घरात कुणी नव्हतं.

एका शुक्रवारी सकाळी पाणी बदलायच्या आधी तिने चाचणी केली, आणि बदलल्यानंतर, कधी नव्हे ते, पुन्हा केली. टाकीतलं एवढं पाणी काढून स्वच्छ पाणी घातलं म्हणजे आकडा उतरायला हवा. आकडा चढला होता. थेंब चुकले असतील म्हणून तिने परत केली. तेच.

ती पिंपापाशी गेली. तळाशी तांब्याभर पाणी उरलं होतं, मीठ कालवलेलं. मीठ खराब निघालं का? मग तिने फिल्टरमधून थेट नळी लावून कोरं पाणी घेतलं, मीठ न घातलेलं. त्यात थेंब टाकले आणि नळी हलवली. रंग लालभडक झाला.

फिल्टर वॉशिंग मशीनच्या मागे, भिंतीला टांगलेला होता. त्यातली नळकांडी दर वर्षी बदलायची असतात. मागच्या वेळी ती बदलली तेव्हा भेटायला आलेली आई दाराशी स्टूल धरून उभी होती, आणि पाणी सांडतंय म्हणून ओरडत होती. आईला जाऊन दोन वर्षं होत आली होती. शाहिनाजने झाकण फिरवून आतलं नळकांडं बाहेर काढलं. ते चिखलासारखं तपकिरी झालं होतं, आणि नळाचं पाणी त्यातून जसंच्या तसं पलीकडे जात होतं. नळात जे काही असेल ते सगळं तिने टाकीत ओतलं होतं. शेवाळ वाढलं की ती आणखी पाणी बदलायची. पाणी बदललं की शेवाळ आणखी वाढायचं. टाकीचं पाणी तिने शेकडो वेळा तपासलं असेल. आपण काय ओततो ते तिने एकदाही तपासलं नव्हतं.

ती न्हाणीघराच्या ओल्या फरशीवर बसली. बाबाची चिमूट किती असायची? माशांनी तोंड मारून संपवण्याएवढी. चुकून दोनदा घातली असेल तरी पिंपंच्या पिंपं खतापुढे ती काय होती? तिला त्याचा चेहरा आठवला. पण तू खोटं कशाला बोलशील, असं तो म्हणाला होता.

तिने नवी नळकांडी मागवली. आता पिंपातलं पाणी तपासल्याशिवाय ओतायचं नाही असा नेम केला. पाणी शुद्ध यायला लागलं, आणि महिना-दीड महिन्यात शेवाळ आपोआप करपलं. केस पिवळे पडले, गळाले, उरलेलं कप्तानाने खाल्लं. खडकांवर जुना गुलाबी थर परत दिसायला लागला. एखादीला आनंद झाला असता. शाहिनाज काचेत बघायची आणि तिथून उठून जायची.

टाकी निवळायची वाट न बघता, नळी लाल झाली त्याच दुपारी, ती इस्माइलियाची गाडी धरून गेली होती. वाटभर तिने शब्द जुळवले. दार समाहने उघडलं. शाहिनाजने आत डोकावून विचारलं, "कसे आहेत?"

"त्रास काहीच नाही, ताई," समाह हळू आवाजात म्हणाली. "तोच त्रास आहे. पाणी प्यायलाही विचारतात. 'घेऊ का?' म्हणतात. हात सारखे पांघरुणाखाली. टीव्हीचं बटण दाबा म्हटलं तर नको म्हणाले, बिघडेल."

बद्रान बाल्कनीत आंब्याच्या झाडाकडे तोंड करून बसला होता. तिला बघून त्याचा चेहरा उजळला. तिने खाली बसून पांघरुणाखालचे त्याचे हात बाहेर काढले.

"बाबा, ऐका. तुम्ही काही केलं नव्हतं. माझं पाणी खराब होतं. फिल्टर मी बदलला नाही. शेवाळ माझ्यामुळे झालं. झाड माझ्यामुळे मेलं."

बद्रान ऐकत होता. मग त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"तुझी आईसुद्धा अशीच," तो म्हणाला. "माझा माल बुडाला की म्हणायची, मीच नजर लावली. माझ्यावर येऊ नये म्हणून."

"तसं नाही, बाबा! खरंच सांगतेय. मी तपासलं. थेंब टाकून तपासलं."

"तपासलंस?"

"हो. तीनदा."

"आणि मी नव्हतो?"

"नव्हतात."

तो बघतच राहिला. आणि मग त्याच्या छातीतून असा मोठा श्वास सुटला की बाल्कनीच्या दारात उभा असलेला वजीह आत निघून गेला. "मग त्या दिवशी उगाच बोलणी खाल्ली की मी," बद्रान म्हणाला. "आणि तीही सुनेपुढे! होडीवर असतो तर तुला रशियनमधून दिली असती."

"द्या आता," शाहिनाज रडत म्हणाली.

त्याने खरंच दिली. तिला अर्थ कळला नाही, पण वजीह आत हसला तो ऐकू आला.

तिला वाटलं, मिटलं. चहा झाला. उतरतीचं ऊन बाल्कनीत आलं. बद्रान झाडाकडे बघत होता. त्याने हात हळूच पांघरुणाखाली घेतले आणि शाहिनाजकडे वळून विचारलं, "ते मासे आहेत का गं जिवंत? फार वाईट झालं माझ्या हातून."

शाहिनाजने वजीहकडे बघितलं. वजीहने मान खाली घातली.

तिने पुन्हा सांगितलं, पहिल्यापासून. त्याने पुन्हा विचारलं, तपासलंस? पुन्हा श्वास सोडला. गाडीची वेळ होईपर्यंत तिने ते आणखी दोनदा सांगितलं. तिने त्याला ओरडून जे ऐकवलं होतं ते त्याच्या आत कुठेतरी खोल जाऊन बसलं होतं, आणि बाकी सगळं गळून जात असताना तेवढंच राहिलं होतं. आता ती जे हळू आवाजात सांगत होती ते मात्र तिथवर पोचत नव्हतं.

"घरी चला, बाबा," निघताना ती म्हणाली.

"नको," बद्रान म्हणाला. "तिथे काच आहे."

नंतर दोनदा तिने त्याला घेऊन जायचा प्रयत्न केला. एकदा तो जिन्यापर्यंत आला, कठडा घट्ट धरून उभा राहिला आणि लहान मुलासारखा घाबरला. वजीह म्हणाला, "आपा, नको ओढूस." तिने ओढलं नाही.

मग ती दर शुक्रवारी जाऊ लागली. पाणी बदलायचा जो वार होता, तो आता बाबाचा झाला. टाकीचं काम तिने गुरुवारी संध्याकाळी ढकललं. जायची, त्याचे हात बाहेर काढायची आणि सगळं पहिल्यापासून सांगायची. कधी तो शिवी द्यायचा, कधी तिच्या आईची तीच गोष्ट सांगायचा, कधी नुसताच ऐकायचा.

एकदा पाय दुखत होते म्हणून तिने फोनवर समाहला विचारलं, "मी येऊन काही उपयोग होतो का गं? शनिवारी सगळं पुसलेलंच असतं ना?"

"शनिवारी पुसलेलं असतं," समाह म्हणाली. "पण ताई, तुम्ही गेल्यावर शुक्रवारी रात्रीचं ते स्वतःच्या हाताने जेवतात. पाव मोडून घेतात, कुणाला न विचारता. मिठाची डबीसुद्धा ओढून घेतात. का ते त्यांनाही ठाऊक नसतं."

शाहिनाजने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. मग म्हणाली, "मंगळवारी माझी दुपारची सुट्टी असते."

"या की," समाह म्हणाली. "मी भात टाकते."

पुढच्या मंगळवारी कारखान्याच्या फाटकातून ती थेट गाडीतळावर गेली. मायक्रोबस भरायला वेळ होता. ड्रायव्हर ओरडून ओरडून माणसं गोळा करत होता आणि ती खिडकीशी बसून, आज कुठून सुरुवात करायची, ते मनात जुळवत होती.